हाँगकाँगचं ओशन पार्क: मालवणी सासूबाईंसोबत एक दिवस

दिवाळीच्या सुट्टीत हाँगकाँगला गेलो होतो, मी, नवरा, आठ वर्षांचा चिरंजीव आणि सासूबाई. ओशन पार्क म्हणजे तिथलं मत्स्यालय, प्राणी आणि राईड्सचं मोठं पार्क. निघायच्या आधी ट्रॅव्हल एजंटने ठासून सांगितलं होतं की ओशन पार्क आता जुनं झालंय मॅडम, तो दिवस पण डिस्नीलाच देऊन टाका. नशीब ऐकलं नाही त्याचं. जुनं आहे हे खरंय म्हणा, १९७७ च्या जानेवारीत उघडलंय, म्हणजे माझ्या नवऱ्याच्याही आधीचं, पण आमच्या चौघांचं मत विचाराल तर अख्ख्या ट्रिपमधला हाच दिवस एक नंबर होता.

जायचं कसं ते आधी सांगते कारण मला हेच कुठे नीट सापडलं नव्हतं. मेट्रोने अॅडमिरल्टीला उतरायचं, तिथून साऊथ आयलंड लाईन पकडायची, पुढचंच स्टेशन ओशन पार्क. एकच स्टेशन! २०१६ च्या डिसेंबरात ही लाईन सुरू झाली, त्याआधी बसने डोंगर पार करून यायला लागायचं. मेट्रोचं कार्ड असतं त्याचं नाव ऑक्टोपस, ते ऐकून आमचा मुलगा दिवसभर सगळ्यांना सांगत होता की आपण ऑक्टोपस दाखवून मासे बघायला आलोय.

आता मुख्य गोष्ट, जी आधी कळली तर पाय वाचतात. हे पार्क दोन तुकड्यांत आहे आणि मध्ये डोंगर आहे. खालच्या भागाला वॉटरफ्रंट म्हणतात, तिथे मोठं मत्स्यालय आणि पांडा, आणि डोंगरापलीकडे टोकावर समिट, तिथे पेंग्विन, शार्क आणि पोटात गोळा आणणाऱ्या राईड्स. दोन्हीच्या मध्ये केबल कार आहे, दीड किलोमीटरची, आणि डोंगराच्या पोटातून जाणारी ओशन एक्स्प्रेस नावाची ट्रेन आहे, ती चार मिनिटांच्या आत वर पोचवते. सकाळी आत शिरल्या शिरल्या सगळी जनता केबल कारकडे पळते. तुम्ही पळू नका. ट्रेनने वर जा, वरचं सगळं उरका आणि संध्याकाळी उतरताना केबल कार घ्या, उजेड पण छान असतो आणि तोपर्यंत पायही बोलायला लागलेले असतात. ट्रेनची सजावट पाणबुडीसारखी केलीय, छतावर समुद्राचे व्हिडिओ चालतात. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, वर बघून फक्त एवढंच विचारलं, "आमका खरोखर पाण्यात नेतत की काय?"

आई मालवणच्या. आयुष्य समुद्राकाठी गेलंय, त्यामुळे माशांकडे बघायची त्यांची नजर आपल्यासारखी नाही. मत्स्यालय २०११ चं आहे, चारशेच्या आसपास जातींचे पाच हजार मासे, आणि एका ठिकाणी डोक्यावर भलामोठा काचेचा घुमट, त्याच्याखाली उभं राहायचं आणि मासे वरून जातात. सगळे तिथे मोबाईल वर करून उभे होते, फुल शांतता, निळा अंधार, आणि तेवढ्यात आईंचा आवाज: "गो, हो बघ हेकरू! केवढो मोठो! ह्येका कोणच खाणा नाय?" पुढे तांबोशी ओळखली, मग घुमटावरून एक पाकट गेली, तो पंख पसरल्यासारखा चपटा मासा असतो ना ती, अगदी आमच्या डोक्यावरून, खालून तिचं तोंड आणि कल्ल्यांच्या फटी सगळं दिसत होतं, हसल्यासारखं तोंड असतं ना ते. आई म्हणाल्या की आयुष्यभर पाकट टोपलीत बघितली, अशी उडताना पहिल्यांदाच बघते. मग कितीतरी वेळ त्या काही बोलल्याच नाहीत. मला वाटतं तिकिटाचे पैसे तिथेच वसूल झाले.

पांडा. ह्याच्यावर मी पानंच्या पानं लिहू शकते पण आवरतं घेते. तिथल्या यिंग यिंग आणि ले ले ह्या जोडीची गोष्ट तुम्ही कदाचित कोविडच्या वेळी बातम्यांत वाचली असेल. दोघं २००७ पासून तिथे, पिल्लं व्हावीत म्हणून पार्कवाले दहा वर्षं प्रयत्न करत होते आणि हे काही केल्या जमत नव्हतं, कारण पांडाच्या मादीला गर्भ राहू शकेल असे दिवस वर्षातून जेमतेम एक ते तीन. मग २०२० ला पार्क बंद झालं, माणसं यायची थांबली, आणि एप्रिलमध्ये ह्यांचं जमलं! चाळीतल्या दोन खोल्यांत संसार केलेल्या कोणालाही ह्यात आश्चर्य वाटायचं कारण नाही. तेव्हा पिल्लू काही झालं नाही, पण २०२४ च्या १५ ऑगस्टला जुळं झालं, मुलगी आणि मुलगा. यिंग यिंगचा एकोणिसावा वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता आणि पहिल्यांदा आई होणाऱ्यांत तिच्याएवढ्या वयाच्या पांडाची नोंदच नाही. जन्मली तेव्हा पिल्लं प्रत्येकी सव्वाशे ग्रॅमच्याही आत, म्हणजे लोण्याच्या छोट्या पुडीएवढी. आता चांगली गुबगुबीत झालीत, जिया जिया आणि दे दे अशी नावं आहेत. एक जण आमच्याकडे पाठ करून बसलं होतं ते शेवटपर्यंत, पण दुसऱ्याला जवळून बांबू खाताना बघायला मिळालं. आपण ऊस सोलतो ना दातांनी, डिट्टो तसं, बांबू तोंडात आडवा धरायचा, दाढेने साल ओढून काढायची आणि मग आतलं कडाकडा चावायचं, साली पोटावर पडतायत त्याची काही पर्वा नाही. गुऱ्हाळात बसलेले आजोबा वाटत होते.

सध्या तिथे एकूण सहा पांडा आहेत. सकाळी लवकर किंवा अगदी उशिरा जा, दुपारी ते झोपतात आणि झोपलेला पांडा म्हणजे लोकरीचं गाठोडं.

वरच्या भागात पेंग्विन. मी म्हणेन की आईंना, आजींना घेऊन जाणार असाल तर एक शाल किंवा स्वेटर सोबत ठेवाच, बाहेर घाम आणि आत एकदम फ्रिज. किंग पेंग्विन, जेंटू आणि ते पिवळ्या भुवयांचे रॉकहॉपर, तिन्ही आहेत. जमिनीवर हे लोक म्हणजे पावसाळ्यात चिखलातून साडी सावरत चालणाऱ्या बायका, एकेक पाऊल विचार करून, पण जेंटूने पाण्यात उडी मारली की दिसतच नाही, ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास पोहू शकतो म्हणे, आमच्या ठाण्यात घोडबंदर रोडला गाडी एवढी जात नाही. शेजारीच टक्सिडोज नावाचं रेस्टॉरंट आहे, त्याची एक भिंत पेंग्विनच्या घराची काच आहे. एक किंग पेंग्विन काचेला छाती टेकवून उभा राहिला, समोर आमचा मुलगा हातात फ्राय घेऊन, दोघंही हलायला तयार नाहीत. पाच मिनिटं! शेवटी मुलाने फ्राय खाल्ला आणि पेंग्विनने तोंड फिरवलं.

राईड्सचं काय, तर इथे आमचा गृहपाठ कमी पडला. हेअर रेझर नावाचा रोलर कोस्टर आहे, पायाखाली काही नाही, नुसते लटकते पाय, ताशी ८८ किलोमीटर, आणि डोंगराच्या कडेला असल्यामुळे उलटं झालं की खाली थेट समुद्र दिसतो. मुलगा आठवडाभर त्याच्याच गप्पा मारत होता आणि उंचीच्या पट्टीपाशी उभा केला तर चार बोटं कमी भरला. रडारड. चूक आमचीच, घरी दाराला उभं करून मोजायला दोन मिनिटं लागली असती. तुम्ही मोजून जा. त्याला मग आर्क्टिक ब्लास्टमध्ये बसवलं, तो लहानांसाठीचा कोस्टर आहे, तीनदा बसला आणि विसरला.

आम्ही गेलो तेव्हा ऑक्टोबर होता, म्हणजे हॅलोविन, आणि ओशन पार्कात हॅलोविन फार मोठं असतं, जिकडेतिकडे कवट्या, जाळी, भुतं. आई आधी वैतागल्या, दिवाळीत भुतां कसली बघतास म्हणून, मग स्वतःच म्हणाल्या की आपण तरी काय करतो, चतुर्दशीला नरकासुर करून जाळतोच की. आणि मग एका रंगवलेल्या भुताशेजारी उभं राहून फोटो काढला. तो आता घराण्याच्या ग्रुपवर फिरतोय.

संध्याकाळी केबल कारने उतरलो. सहा जणांचा गोल डबा, वाऱ्याने थोडा हलतो, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला डीप वॉटर बे, त्यात उभ्या बोटी. आई डोळे मिटून देवाचं नाव घेत होत्या, मग एक डोळा उघडला, मग दोन्ही, आणि मग उरलेला रस्ता खालच्या बोटी कसल्या, मासेमारीच्या की हौसेच्या, ह्यावर नवऱ्याशी वाद.

चपला घालून जाऊ नका, चढउतार भरपूर आहे, सरकते जिने आहेत तरी पाय दुखतातच. शनिवार-रविवार शक्यतो टाळा. दोन्ही भाग आणि पांडा व्यवस्थित बघायचे तर उघडायच्या वेळी गेटवर हजर राहा, दिवस पुरत नाही. आमचंही शार्कचं राहिलं, कारण आई पेंग्विनपासून उठेचनात, आणि बाहेर पडताना ते कळल्यावर म्हणाल्या (मोरी म्हणजे मालवणीत शार्कच), "मोरी काय बघूची, मोरी घराक गेल्यावर आणतंय मी."