छोटा प्रकाशक की स्वप्रकाशन: अमेरिकेतल्या ब्लॅक आणि अपंग लेखकांनी काय पाहावं

रॉयल्टीच्या टक्क्यांवरून हा निर्णय घेऊ नका. छोटा स्वतंत्र प्रकाशक ई-बुकच्या निव्वळ उत्पन्नातले बहुधा २५ टक्के देतो; ॲमेझॉनच्या केडीपी या स्वप्रकाशन-सेवेवर २.९९ ते ९.९९ डॉलर किमतीला ७० टक्क्यांचा पर्याय आहे. मधल्या फरकात संपादन, मुखपृष्ठ, प्रूफं, दुकानांशी पत्रव्यवहार असं सगळं काम दडलेलं असतं. दिवसाला दोनच तास बसता येणाऱ्या लेखकाला ते फार महागात पडतं. उलट, दुखणं कधी उचल खाईल याचा नेम नसेल तर स्वप्रकाशनात तारखा तरी आपल्या हातात राहतात.

डेट्रॉइटची ब्रॉडसाइड प्रेस (१९६५) आणि शिकागोची थर्ड वर्ल्ड प्रेस (१९६७) ब्लॅक लेखकांनीच उभ्या केल्या. साठोत्तरी लघुनियतकालिकं आणि १९७२ची दलित पँथर माहीत असलेल्या मराठी वाचकाला यामागची निकड वेगळी सांगायला नको. बोलीतलं वाक्य ‘शुद्ध’ होऊन परत येऊ नये, यासाठी ती बोली जाणणारा संपादक लागतो. तरी प्रकाशनाच्या नुसत्या नावावर विसंबू नका. सही करण्यापूर्वी चार-पाच पानांचं नमुना-संपादन मागा.

अपंग लेखकाचा खरा घोटाळा होतो तो पैसे हातात येण्याच्या वेळेवरून. एसएसआय हा सरकारी भत्ता घेणाऱ्या एकट्या व्यक्तीकडे महिन्याच्या सुरुवातीला २,००० डॉलरपेक्षा जास्त मोजली जाणारी मालमत्ता चालत नाही. स्वतःच्या लेखनाची रॉयल्टी कमाई धरली जाते. दुसरं उत्पन्न नसेल तर महिन्याचे पहिले ८५ डॉलर सोडून उरलेल्याचा अर्धा भाग भत्त्यातून कापतात. म्हणजे १,५०० डॉलरचा ॲडव्हान्स एकदम आला तर ७०७.५० डॉलर जातात. ३०० डॉलरच्या पाच मासिक हप्त्यांत आला तर एकूण ५३७.५०. मात्र हप्ते मूळ करारातच हवेत. तुमच्या नावे आधीच जमा झालेली रक्कम ‘नंतर थोडी थोडी द्या’ म्हटल्याने सुटत नाही, कारण ती जमा झाल्या दिवसापासूनच मोजली जाते. स्वप्रकाशनाचा हिशेब स्वयंरोजगार म्हणून वेगळा लागू शकतो, तेव्हा कुठल्याही वाटेने जा, पण आधी बेनिफिट्स काउन्सेलरला, म्हणजे सरकारी भत्त्यांच्या सल्लागाराला, कागद दाखवा.

प्रकाशकाला हेही विचारा: प्रूफं स्क्रीन रीडरने (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने) वाचता येतील अशा वर्ड फाइलमध्ये मिळतील का? प्रकाशन समारंभातल्या सांकेतिक भाषेच्या दुभाष्याचा खर्च कोण करणार? ‘बघू’ हे उत्तर नकारच समजा.

स्वतः पुस्तक काढताना ई-बुक पीडीएफवरून बनवू नका. वाचनाचा क्रम विस्कटतो आणि तळटिपा मजकुरात घुसतात. वर्डमध्ये शीर्षकांना हेडिंग स्टाइल द्या, प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर (चित्राचं शब्दांत वर्णन) लिहा, ईपब या ई-बुकच्या फाइल-प्रकारात रूपांतर करा. मग डेझी या संस्थेच्या ‘एस’ या ईपब तपासणाऱ्या साधनाने तपासून एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर निदान एक प्रकरण ऐका. दोन्ही फुकट आहेत. केडीपीचा फुकट आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) दुसरीकडे चालत नाही. दुकानांत पुस्तक जावं असं वाटत असेल तर स्वतःचा घ्या आणि परतीची सोय ठेवा. न विकलेल्या प्रती परत घेत नसाल तर बहुतेक दुकानं मागणीच नोंदवत नाहीत.

पहिलाच कवितासंग्रह असेल आणि प्रकाशक नीट उत्तरं देत असेल, तर आमचा कौल प्रकाशकाला. कार्यशाळा किंवा चर्चमधून स्वतःचा वाचक आधीच जोडलेला असेल, तर स्वप्रकाशनाला.

प्रकाशकाकडे गेलात तर हक्क परत मिळण्याचं कलम नीट वाचा. मागणीनुसार छपाई होत असल्याने पुस्तक कधी ‘संपलं’ असं ठरतच नाही, म्हणून वर्षाला अमुक प्रतींपेक्षा विक्री घटली की हक्क लेखकाकडे, असं आकड्यानिशी लिहून घ्या. प्रकाशनसंस्था बंद पडली तर काय, हेही त्यात हवं. मार्च २०२४मध्ये स्मॉल प्रेस डिस्ट्रिब्यूशन हा जुना वितरक अचानक बंद झाला, तेव्हा शेकडो छोट्या प्रकाशकांपुढे अडकलेल्या प्रतींचा आणि थकलेल्या पैशांचा प्रश्न उभा राहिला.