नसा साफ करून मिळतील

बाबांचा उजवा पाय फक्त चालतानाच दुखायचा. सक्करदऱ्याच्या घरून तलावापर्यंत जाताना दोनदा थांबायचे. लोक बघतील म्हणून पोटरी धरायचे नाहीत, एखाद्या दुकानाची पाटी वाचत असल्यासारखे उभे राहायचे. दोन मिनिटांत दुखणं गायब. वय 67, त्यात शुगर, म्हणून आम्हीही फार मनावर घेतलं नाही.

मग जवळच्या समाजभवनात शिबिर लागलं. ‘नसांमधलं ब्लॉकेज ऑपरेशनशिवाय 100 टक्के साफ, तपासणी मोफत.’ हातात एक धातूची दांडी धरायला दिली, लॅपटॉपवर नाव, वय, उंची, वजन भरलं आणि मिनिटभरात अकरा पानी रंगीत रिपोर्ट निघाला. नसा 72 टक्के बंद! ॲप्रन घातलेली मुलगी आईला म्हणाली, “मावशी, पाय तर आधी जाईल. अटॅकचं तर विचारूच नका.” आई तिथेच रडायला लागली.

मी बँकेत कर्जाच्या फाइली तपासतो. दुसऱ्याच्या कागदातली खोट शोधायचाच मला पगार मिळतो. तरी मी 20 सलाईनचे 48,000 रुपये त्याच संध्याकाळी भरले, कारण ‘आज भरले तर 8,000 कमी’. पावतीवर ‘वेलनेस सेवा’ एवढंच. डॉक्टरचं नाव नाही, औषधाचं नाही. गोळ्यांनी नसा कडक होतात असं सांगून रक्त पातळ करायची आणि कोलेस्टेरॉलची, अशा दोन्ही गोळ्या बंद करायला लावल्या.

पाचव्या सलाईननंतर फेरतपासणी होती. मशीनवाला फोनवर बोलत होता, बाबांना लघवीला जायचं होतं, त्यांनी दांडी सहावीतल्या माझ्या भाच्याच्या हातात दिली. नाव-वय बाबांचंच. रिपोर्ट आला, 61 टक्के, ‘उत्तम सुधारणा’. मी हसलो. पैसे भरून झाले होते ना, म्हणून हसलो आणि गप्प बसलो.

नवव्या सलाईनला बाबांच्या ओठांभोवती मुंग्या आल्या, हाताची बोटं आखडून चोचीसारखी झाली. रिक्षात घालून इस्पितळात नेलं. नशीब, त्या दिवशी मी औषधाच्या कुपीचा फोटो काढून ठेवला होता. ईडीटीए. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी फोटो बघितला आणि आधी कॅल्शियम तपासायला पाठवलं. ते बरंच खाली गेलं होतं. हे औषध धातू पकडून लघवीवाटे बाहेर काढतं. त्याचा एक प्रकार शिशाच्या विषबाधेत वापरतात. नसांतल्या थरात कॅल्शियम असतं, तेव्हा तेही निघेल असा या लोकांचा हिशेब. निघतं ते रक्तातलं, आणि ते फार खाली गेलं तर हृदय थांबू शकतं.

शिबिरवाल्यांच्या फाइलमध्ये अमेरिकेतल्या अभ्यासाचा कागद होता. तो खोटा नव्हता. 2013 साली, हार्ट अटॅक येऊन गेलेल्या 1,708 रुग्णांवरच्या त्या अभ्यासात थोडा फायदा दिसला होता, तोही मुख्यतः शुगरवाल्यांत. म्हणून मग शुगर असलेल्या 1,000 जणांवर तोच प्रयोग पुन्हा झाला. 2024 मध्ये निकाल आला, अटॅक वगैरे टाळण्यात फायदा नाही. हा दुसरा कागद फाइलमध्ये नव्हता.

नसांच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “काका, खर्रा किती होतो?”

“जास्त नाही जी. चार-पाच.”

तंबाखू-सुपारीच्या या खर्ऱ्याबद्दल शिबिरात कोणी विचारलंच नव्हतं. मशीनवाल्याच्याच गालात खर्रा होता. मग झोपवून दंडाचं आणि घोट्याचं बीपी घेतलं. घोट्याचा आकडा भागिले दंडाचा. 0.9 च्या खाली आला तर पायाकडे रक्त कमी जातंय. बाबांचं उजवीकडे 0.58. दहा-पंधरा मिनिटांची तपासणी, सुई नाही, काही नाही. बंद केलेल्या गोळ्या परत सुरू, खर्रा बंद, आणि रोज दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. चार महिन्यांत बाबा न थांबता तलावापर्यंत जातात.

पैसे परत मिळाले नाहीत. पोस्टरचा फोटो जोडून तक्रार दिली आहे. औषधं आणि जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या 1954 च्या कायद्यात ज्या रोगांवर इलाजाची जाहिरात करायलाच बंदी आहे, त्या यादीत धमन्या कडक होण्याचा रोग अगदी वरच आहे. तुमच्याकडे असं पोस्टर लागलं तर फोटो काढून ठेवा. सलाईन लावायच्या आधी कुपी हातात घ्या आणि डॉक्टरचा नोंदणी क्रमांक मागा. चिडले तर उठून या.

एक गोष्ट मात्र राहून गेली. बाबांच्या शेजारच्या खाटेवर एक पोरगा यायचा, बत्तीस-तेहतीसचा. पायाचा अंगठा काळा पडलेला, खिशात बिडी. शुगर नाही, काही नाही, तरी पॅकेज तेच. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, हा बहुधा बर्गरचा आजार. तंबाखूने नसांना सूज येते, आत गुठळ्या होतात. साफ करायला तिथे कोलेस्टेरॉलचा थर नसतोच. तंबाखू पूर्ण सोडली तर पाय वाचतो, नाहीतर बोटं एकेक करून कापावी लागतात. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. उमरेड रोडवर कुठल्याशा गॅरेजात आहे एवढं बोलला होता. आतापर्यंत तीन गॅरेजात विचारून आलोय.