रिमॅप केलेली व्ही-क्रॉस, पसरणी घाट आणि चौदा महिने

ज्यांना फक्त आकडे हवेत त्यांच्यासाठी आधी आकडे. डायनोवर (चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) चाकाला मोजलेली ताकद : रिमॅपच्या (इंजिनाच्या संगणकातली सेटिंग बदलण्याच्या) आधी ११३ बीएचपी, रिमॅपनंतर १३८, आणि आज १२६. होय, उतरवली. पैसे घालून चढवलेली ताकद पुन्हा पैसे घालूनच खाली आणली. असं का केलं, त्यासाठी हा प्रपंच.

गाडी २०१८ ची इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, २.५ लिटर डिझेल, पाच गिअर, बीएस-४. दुसऱ्या हाताची घेतली तेव्हा ७८ हजार किलोमीटर झाले होते, आता ९७ हजार. वाईजवळ आमची स्ट्रॉबेरीची रोपवाटिका आहे. सप्टेंबरात रोपांचे ट्रे पाचगणी-भिलारकडे वर पोचवायचे, डिसेंबरपासून फळांचे क्रेट खाली आणायचे. माल आपलाच, वजन दोनशे किलोच्या आत. म्हणजे गाडीला ओझं असं फारसं नाही, पण घाट मात्र रोजचा.

पसरणीचा घाट ज्यांनी चालवलाय त्यांना सांगायला नको. वाई साधारण सातशे मीटरवर, पाचगणी तेराशेच्या जवळ. वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी १३००-१४०० आरपीएमला येते, आणि या इंजिनाचा पूर्ण टॉर्क (चाक फिरवणारा जोर), म्हणजे ३२० एनएम, १८०० पासून पुढे मिळतो. मधली ती चार-पाचशे आरपीएमची दरी भरेपर्यंत मागची एसटी हॉर्न वाजवून मोकळी होते. मला वाटलं, गाडीला ताकद कमी पडतेय. इथंच पहिली चूक.

मेहुण्यानं सुचवलं, "दाजी, डबा लावा की. दहा मिनिटांचं काम." डबा म्हणजे ट्यूनिंग बॉक्स. साडेसोळा हजार, ऑनलाइन. इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला, म्हणजे रेलमधला, दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरीत मधे बसतो. काम साधं आणि थोडं लबाडीचं आहे. सेन्सर सांगतो त्यापेक्षा कमी दाब तो ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, कळवतो, ईसीयू बिचारा दाब वाढवतो, आणि प्रत्येक पिचकारीला डिझेल जास्त जातं. हवा मात्र तेवढीच. जास्तीचं डिझेल पुरतं जळत नाही, मग काळा धूर. पहिले चार दिवस मजा आली, खोटं कशाला सांगू. पाचव्या दिवशी घाटाच्या मध्यावर, खाली धोमचं पाणी छान चमकत असताना, इंजिनाचा दिवा लागला आणि गाडी एकदम मेली. चालू होती, पण ओढेना. लिम्प मोड, म्हणजे इंजिन स्वतःला वाचवायला ताकद कापतं तो. पहिल्या-दुसऱ्या गिअरवर कशीबशी वर नेली. क्रेट रिकामे होते म्हणून बरं.

आमच्या मिस्त्रींनी स्कॅनर लावला. दोन कोड. पी००८८, म्हणजे रेलमधला दाब मर्यादेबाहेर. तो डब्याचा प्रताप. दुसरा पी०२९९, टर्बोचा दाब कमी. हा डब्याचा नव्हता, कारण तपशील बघितला तर तो आधीपासून अधूनमधून येत होता. मिस्त्रींनी इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा) होज काढून माझ्या हातात दिला. वरून ठणठणीत. क्लिपच्या अगदी कडेला बोटानं दाबला तर ओठ उघडावा तशी दीड इंचाची चीर उघडली. हात सोडला की पुन्हा बंद. गाडी उभी असताना कुणाला दिसणार? बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, भरला की मात्र तिथून हवा फुस्स. मग इनटेक, म्हणजे हवा आत जायची वाट, खोलला. ईजीआरमधून (जळलेला थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून) येणारी काजळी आणि क्रँककेसमधून येणारी तेलाची वाफ यांचा लगदा, चुलीवरच्या तव्याला बसतो तसा. बोटानं खरवडला तर नखात डांबर. पूर्वीच्या मालकानं ही गाडी बहुतेक शहरातच फिरवली असणार.

"मालक, ताकद कमी नाय गाडीला," मिस्त्री म्हणाले, "श्वास कमी हाय."

नवे होज ४८०० रुपये, इनटेकची सफाई आणि मॅप सेन्सर (आत जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) धुणं ६०००, नवा कागदी एअर फिल्टर. डबा काढून टाकला. आणि त्या संध्याकाळी गाडी जी पळाली! १५०० पासूनच शिट्टी ऐकू यायला लागली. या टर्बोत पाती कोन बदलतात. आरपीएम कमी असताना पाती मिटतात, वाट अरुंद होते, धूर जोरात सुटतो आणि चक्र लवकर फिरतं. पण भरलेली हवाच गळत असेल आणि पुढं वाट चोंदलेली असेल, तर पाती कितीही हलू देत, काय उपयोग? माझ्या मते या चौदा महिन्यांतला सगळ्यात चांगला खर्च हा. फिल्टर सोडून अकरा हजारांच्या आत. इथंच थांबलो असतो तर हा अनुभव लिहायची वेळ आली नसती.

पण हाव. त्यात नवे टायर टाकले आणि स्वतःच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. मूळ माप २४५/७० आर१६. मी दिसायला दणकट म्हणून २६५/७० आर१६ घेतले. बाहेरचा व्यास ७४९ मिलिमीटरवरून ७७७ वर गेला, म्हणजे पावणेचार टक्के जास्त. त्याचा अर्थ प्रत्येक गिअर तेवढाच लांब झाला. चढाला गाडी पुन्हा जड वाटायला लागली, शिवाय स्पीडोमीटर ९६ दाखवतो तेव्हा खरा वेग १०० असतो. अ‍ॅव्हरेज पडलं म्हणून आठवडाभर डोकं धरून बसलो. नंतर कळलं की किलोमीटरसुद्धा कमीच मोजले जातायत. ही साधी गणितं टायरवाल्यानं सांगितली नाहीत, आणि मीही विचारली नाहीत.

मग पुण्याला जाऊन रिमॅप. ३२ हजार, डायनोसकट. एवढं मात्र म्हणेन की डबा आणि रिमॅप यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ओबीडी सॉकेटमधून (स्कॅनर लावतात तोच) मूळ फाइल वाचून घेतात, ती जपून ठेवतात, आणि डिझेलचं प्रमाण, बूस्टचं लक्ष्य, टॉर्कची मर्यादा, धुराची मर्यादा असे सगळे तक्ते एकमेकांना धरून बदलतात. हवा आणि डिझेल दोन्ही सोबत वाढतात. आधी ११३, नंतर १३८. कंपनीचा १३४ चा आकडा इंजिनाचा असतो. चाकापर्यंत येताना गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल आपला वाटा खातातच, म्हणून ११३ बघून घाबरू नका. टॉर्क ३९० च्या पुढं गेला असं ट्यूनरचं म्हणणं. दोनच गोष्टी खटकल्या. क्लच कसा आहे हे त्यांनी तपासलं नाही, आणि वर ईजीआर कायमचा बंद करून देतो म्हणाले. मी नको म्हटलं. धुराचे नियम धाब्यावर बसवून ताकद नको होती.

परत येताना खंबाटकी. चौथ्या गिअरमध्ये चढाला पाय दाबला, आरपीएमचा काटा २००० वरून २६०० ला उडाला, आणि वेग होता तिथंच. आधी वाटलं, काय झेप आहे! दोन सेकंदांनी वास आला. जळक्या क्लच प्लेटचा वास एकदा नाकात बसला की आयुष्यभर ओळखू येतो. ८५ हजार चाललेली प्लेट जुन्या टॉर्कला कशीतरी पकडून होती, वाढीव टॉर्कला तिनं हात टेकले. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि मजुरी धरून २४ हजार. रिमॅप करणार असाल तर आधी ही परीक्षा घ्या : मोकळा सपाट रस्ता, चौथा किंवा पाचवा गिअर, १५००-१६०० आरपीएम, आणि पाय पूर्ण दाबा. काटा वेगाला सोडून एकटाच वर पळाला, तर आधी क्लच, मग पुण्याची वाट.

नव्या क्लचवर गाडी खरोखर देखणी चालली. वळण संपलं की तिसऱ्यातच ओढायची. हिवाळाभर क्रेट वाहिले, तक्रार शून्य. बायको म्हणाली, फळं आता जास्त दबून येतायत. तेही खरं होतं. इंजिन पळतंय म्हणून मी पळवत होतो, आणि मागचे पाटे काही बदललेले नव्हते. उतरताना ब्रेक पहिल्यांदाच स्पंजासारखे लागले, तेव्हा ब्रेक ऑइल बदलून घेतलं आणि पुढची लायनरं टाकली. चढायला जो गिअर लागतो त्याच गिअरवर उतरायचं, ही आबांची शिकवण मी चाळीस बीएचपी कमी असलेल्या जीपवर शिकलो होतो आणि नव्या माजात विसरलो होतो.

खरा दणका मे महिन्यात. जानेवारीत हौसेनं ईजीटी मीटर (एक्झॉस्टच्या धुराचं तापमान सेल्सिअसमध्ये दाखवणारा) बसवला होता, टर्बोच्या आधी एक्झॉस्टमध्ये टोचलेला सेन्सर, नऊ हजार. थंडीत घाटात ६२० ते ६५० दाखवायचा. मे महिन्यात महाबळेश्वरला निघालेल्या पाहुण्यांची रांग, ऊन उभं, एसी चालू. रांग सुटली तसा मी दुसऱ्यातून तिसऱ्यात दाबत निघालो आणि काटा ७७० वर गेला. सतत साडेसातशेच्या वर तापमान राहणं हे टर्बोला आणि पिस्टनला मानवणारं नाही. कारणही सरळ आहे. वर चढाल तशी हवा विरळ होते, तेवढाच बूस्ट भरायला टर्बोला जास्त फिरावं लागतं, त्यात गरम हवा, इंटरकूलरला पुरेसा वारा नाही. पुण्याच्या शेडमध्ये मोठा पंखा लावून काढलेला आकडा पसरणीच्या चढाला लागू पडत नाही. मीटर नसता तर मला हे कळलंच नसतं, मी शिट्टी ऐकत खूश राहिलो असतो.

जूनमध्ये पुन्हा पुण्याला. याच लोकांनी फुकटात फाइल सौम्य करून दिली, डायनोचे तेवढे दीड हजार घेतले. १२६. डिझेल थोडं मागं घेतलं, १८०० च्या खालचा टॉर्क कमी केला म्हणजे क्लचवर धक्का नाही. सोबत टायर विकून मूळ मापाचे घातले. आता गंमत अशी की घाटात आजची १२६ ची गाडी मोठ्या टायरवरच्या १३८ पेक्षा मला जास्त हलकी वाटते. घड्याळ लावलेलं नाही, पण पाचगणीपर्यंत दोन गिअर कमी बदलावे लागतात. तेव्हापासून तापमानाचा काटा ७०० च्या वर गेलेला नाही.

अ‍ॅव्हरेज : आधी साडेबारा, होज बदलल्यावर साडेतेरा, १३८ च्या काळात साडेअकरा, आता तेरा. हे घाटासकट, टाकी ते टाकी मोजलेलं.

कागदपत्रांचं बोलायलाच हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ नोंदीपासून गाडी बदलण्यावर बंधन घालतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठासून सांगितलंय. रिमॅप डोळ्याला दिसत नाही म्हणून तो नसतो असं नाही. विम्याचा दावा आला तर प्रश्न विचारले जाऊ शकतात, ही जोखीम मी घेतली आहे, तुम्ही घ्याच असं म्हणत नाही. पीयूसीला बीएस-४ डिझेलची धुराची मर्यादा १.६२ आहे. डब्यावर असताना माझी गाडी २.३ ला नापास झाली होती, आता ०.९ येते. आणि ज्यांच्याकडे नवी बीएस-६ वाली १.९ लिटर आहे, १६३ पीएस आणि ३६० एनएमची, त्यांनी माझा एकही आकडा स्वतःच्या गाडीला लावू नये. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या गाडीत जास्तीची काजळी थेट फिल्टरमध्ये भरते. फिल्टर कापून देणारे भेटतात, त्यांना लांबून नमस्कार.

कोन फिल्टरचाही (शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर) मोह झाला होता. चाळकेवाडीकडच्या एका मित्राच्या गाडीत बघितला. आवाज झकास, पण तेल लावलेल्या त्या फिल्टरमधलं तेल एअरफ्लो सेन्सरवर बसलेलं. ऊसाच्या हंगामात आपल्या रस्त्यांवर जी धूळ असते तिला जाड कागदच बरा. मी दर पाच हजाराला झटकतो, पंधराला बदलतो. ऑइल सात हजाराला. घाट चढून आलो की गाडी मिनिटभर चालूच ठेवतो. तापलेल्या टर्बोच्या दांड्यावर ऑइल तसंच करपू नये म्हणून. पाचगणीतल्या व्यापाऱ्याला याची सवय झालीय, तो मी उतरेपर्यंत वजनकाटा लावून ठेवतो.

मेहुणा आता स्वतःच्या गाडीसाठी तो डबा मागतोय. दिलेला नाही.

परवा होज पुन्हा काढून बघितले. चीर नाही, पण टर्बोच्या तोंडाशी तेलाचा पातळ थर आहे आणि दांड्याला बोटानं हलवलं तर किंचित खेळ जाणवतो. मिस्त्री म्हणतात एवढं चालतं. माझं मन मानत नाही, तेव्हा स्ट्रॉबेरी संपली की पावसाळ्याआधी टर्बो खोलून बघायचं ठरलंय.