अपूच्या तीन चित्रपटांचा ब्लू-रे संच : एका लाइटवाल्याचा अभिप्राय

माझी भाची न्यू जर्सीला असते. दिवाळीत सांगलीला येताना तिनं माझ्यासाठी ‘पथेर पांचाली’, ‘अपराजितो’ आणि ‘अपुर संसार’ या सत्यजित राय यांच्या, अपू नावाच्या मुलाची गोष्ट सांगणाऱ्या तीन बंगाली चित्रपटांचा, क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीचा ब्लू-रे संच आणला. संच २०१५ सालचा, म्हणजे नवा नाही. पण माझ्या हातात आत्ता आला आणि गेले दोन महिने घरात दुसरा विषय नाही.

आधी कामाचं सांगतो. या डिस्क ‘ए’ विभागाच्या आहेत आणि भारत ब्लू-रेच्या ‘सी’ विभागात मोडतो. सगळ्या विभागांच्या डिस्क चालतील असा प्लेअर असेल तरच हा संच घ्या. मी मिरजेतल्या एका दुकानदाराला सांगून तसा प्लेअर मागवला. यायला तीन आठवडे लागले. सबटायटल्स फक्त इंग्रजीत आहेत. आवाज मूळचाच, मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा. त्यामुळे खोलीभर स्पीकर मांडायची गरज नाही, दोन बरे स्पीकर पुरतात. टीव्हीचा भडक रंगांचा मोड आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय मात्र बंद करा. ती चालू राहिली तर सगळं मालिकेसारखं दिसतं.

आता मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं का लिहितोय ते कळेल. मी तीस वर्षं हौशी नाटकांची प्रकाशयोजना करतो. राज्य नाट्य स्पर्धेच्या कितीतरी फेऱ्या सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात डिमरमागे, म्हणजे दिवे कमी-जास्त करायच्या यंत्रामागे, उभं राहून काढल्या. ‘पथेर पांचाली’ मी पहिल्यांदा पाहिला तो दूरदर्शनवर, रविवारी दुपारी प्रादेशिक चित्रपट लागायचे तेव्हा. गोष्ट कळली, रडू आलं, पण वादळाच्या रात्रीचा प्रसंग म्हणजे नुसता राखाडी गाळ होता. त्या गाळात काय काय बुडालं होतं ते आत्ता दिसलं.

अपूची थोरली बहीण दुर्गा तापानं फणफणलेली. बाहेर वादळ. आई सर्वजया दार दाबून धरते, खिडकीवरचं फडकं आत फुगतं, दिव्याची ज्योत लवते, कोनाड्यातल्या गणपतीवर उजेड हलतो. मृत्यू येतोय असं कुणी म्हणत नाही. तो दाराशी आलाय, आत घुसायला बघतोय, हे फडकं आणि ज्योत सांगतात. जुन्या प्रतीत ही ज्योत म्हणजे एक पांढरा डाग होता. इथे तिच्याभोवतीचा काळोख खरोखर काळा आहे आणि त्या काळ्यातही भिंतीचा पोत दिसतो. आमच्या धंद्यात हे सगळ्यात अवघड. अंधार करायचा आणि त्यात माणूसही दिसला पाहिजे.

हे करणारा छायालेखक सुब्रत मित्र तेव्हा एकवीस वर्षांचा होता आणि त्यानं त्याआधी सिनेमाचा कॅमेरा चालवला नव्हता. मिठाईवाल्याच्या मागे अपू, दुर्गा आणि कुत्रा जातात, त्यांची रांग तळ्यात उलटी दिसते, त्या प्रसंगातली सतारही त्यानंच वाजवली आहे. हे कळल्यावर तो तुकडा मी पुन्हा लावला.

पण माझा जीव अडकलाय तो ‘अपराजितो’त. गाव सोडून आलेल्या या कुटुंबाचं काशीतलं घर, मध्ये चौक, वरून येणारा उजेड. हे घर काशीतलं नाही. कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी ते कलकत्त्याच्या स्टुडिओत उभं केलं. छायालेखक सुब्रत मित्र यांचं म्हणणं, जुन्या घराच्या चौकात आकाशाचा उजेड उतरतो, त्याला धड सावली नसते. स्टुडिओतल्या दिव्यांनी तो कसा आणायचा? शेवटी त्यांनी चौकावर पांढरं कापड ताणलं, दिवे खाली ठेवून त्यांची तोंडं वर केली आणि कापडावरून परतलेल्या उजेडात चित्रण केलं. आज कुठल्याही शूटिंगला थर्माकोलचे तक्ते धरलेली पोरं दिसतात. हे १९५६ सालचं काम आहे.

पहिल्यांदा पाहताना मी फसलो. हे खऱ्या वाड्यात घेतलंय असं धरून चाललो होतो. पुन्हा पाहताना मुद्दाम सावल्या शोधल्या. सर्वजया चौकात काम करते, तिचा नवरा हरिहर जिन्यावरून उतरतो, आणि भिंतीवर कुणाची कडक, कापल्यासारखी सावली पडत नाही. त्यामुळे काय होतं? हे घर कुणाच्या मालकीचं वाटत नाही. वरून येणारा तो उजेड सगळ्या बिऱ्हाडांवर सारखाच पडतो. गावाकडचं घर पडकं होतं, पण त्यात ऊन-सावलीचे कोपरे होते, दडून बसायच्या जागा होत्या. इथे सर्वजयाला आडोसा नाही. शब्द एकही नाही. नुसत्या उजेडानं बाई उघड्यावर आणून ठेवली.

मी हे करून पाहिलं. जानेवारीत आमच्या एका वाड्यातल्या नाटकाला चौकावर मांजरपाट ताणलं आणि दोन हॅलोजन खालून वर मारले. आमची उंची कमी पडली, कापडाच्या मधोमध पिवळा गोल दिसायला लागला. मग दिवे बाजूला सरकवून तिरके केले, तेव्हा कुठे थोडं जमलं. पण तालमीत काकूचं काम करणारी बाई चौकात आली आणि समोर बसलेला लेखक म्हणाला, “ही आज म्हातारी दिसतेय.” मेकअप नव्हताच.

याच चित्रपटात पुढे सर्वजया खेड्यात एकटी, आजारी, मुलगा कलकत्त्याला शिकायला. त्याची हाक आल्याचा भास होतो, ती उठून दारात येते. कुणी नाही. तळ्यावर काजवे. ते काजवे कॅमेऱ्यात येणं शक्य नव्हतं, म्हणून रायनी आपल्या चमूतल्या दणकट गड्यांना काळे कपडे घालून अंधारात उभं केलं आणि प्रत्येकाच्या हातात वायर, बॅटरी आणि छोटा बल्ब दिला. ही माणसं अंधारात बल्ब उघडझाप करत हलत होती. माझ्यासारख्याला यातनं काय मिळालं ते शब्दांत सांगता येत नाही. या डिस्कवर त्या प्रसंगात काळोखाचे चौकोनी ठोकळे होत नाहीत, ठिपके ठिपकेच राहतात, आणि बाई गेली हे आपल्याला त्या ठिपक्यांतून कळतं.

आता आवाज. माझी आई एक्क्याऐंशी वर्षांची. तिला बंगाली येत नाही, इंग्रजी येत नाही. मी शेजारी बसून सबटायटल्स मराठीत सांगत होतो. पंधरा मिनिटांत तिनं माझ्या मांडीवर हात ठेवला. “गप बस आता. मला कळतंय.” मग आम्ही नुसतं ऐकलं. पांढऱ्या काशफुलांच्या रानात दुर्गा तारेच्या खांबाला कान लावते, तो घूंऽऽ असा आवाज, आणि मागून काळा धूर सोडत येणारी आगगाडी. तो घुमणारा आवाज आधी येतो, म्हणून गाडी लांबच्या कुठल्यातरी जगातून आल्यासारखी वाटते. पुढच्या दोन चित्रपटांत शिट्टी ऐकू आली की आई सरसावून बसायची. ‘अपुर संसार’मध्ये तर अपूची खोलीच रुळांना लागून. गाडीनं याचं काय काय नेलंय हे तिला तोवर पाठ झालं होतं.

‘पथेर पांचाली’त हरिहर गावी परततो तो प्रसंग. मुलगी गेल्याचं त्याला माहीत नाही. एकेक वस्तू काढून दाखवतो, मग दुर्गासाठी आणलेली साडी. सर्वजया साडी तोंडाशी दाबते आणि कोसळते. तिचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. त्या जागी पटदीप रागातली तारशहनाई उंच चढते. तारशहनाई म्हणजे इसराज या गजानं वाजवायच्या तंतुवाद्यालाच ग्रामोफोनसारखा कर्णा बसवलेलं वाद्य. संगीत रविशंकर यांचं, बहुतेक सगळं एका रात्रीत ध्वनिमुद्रित केलेलं. दूरदर्शनवर ऐकलं तेव्हा हे सूर चिरकत होते. इथे मागे बारीक खरखर आहे, पण सूर भरीव आहे, तुटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई शेजारच्या वहिनींना सांगत होती, “काय टाहो फोडला हो त्या बाईनं. माझ्या काळजाचं पाणी झालं.” मी आत चहा गाळत होतो. टाहो नाहीच आहे त्यात, हे तिला सांगायला मी गेलो नाही.

या प्रतीमागची हकीकत संचातल्या छोट्या माहितीपटात आहे. १९९३ साली लंडनच्या एका प्रयोगशाळेत आग लागली, त्यात रायच्या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह भाजल्या. जळकी, ठिसूळ रिळं अमेरिकेतल्या ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या संग्रहालयानं टाकून दिली नाहीत. वीस वर्षांनी ती इटलीतल्या बोलोन्याला गेली. तिथल्या तंत्रज्ञांनी फिल्मला पुन्हा ओलावा दिला, कडेची तुटकी छिद्रं हातानं सांधली. जवळजवळ हजार तासांचं हातकाम. ‘पथेर पांचाली’ची सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’ची ६० टक्क्यांहून जास्त निगेटिव्ह कामी आली. ‘अपुर संसार’ची मात्र कामी येण्याजोगी काहीच उरली नव्हती, तो दुसऱ्या प्रतींवरून घडवला. म्हणून मधेच एखादा शॉट थोडा मऊ दिसतो. माझ्या डोळ्यांना ते खुपलं नाही, पण तुमचा पडदा मोठा असेल तर जाणवेल.

बाकी जोडपदार्थ भरपूर आहेत. शर्मिला टागोर आणि सौमित्र चटर्जी यांच्या मुलाखती आहेत, रायचा १९५८ सालचा स्वतःच्या आवाजातला लेख आहे. मला सगळ्यात मोलाची वाटली ती सौमेंदु रॉय यांची मुलाखत. ते मित्र यांचे कॅमेरा सहायक होते. नेपथ्यावर, बन्सीबाबूंवर वेगळं काही हवं होतं. ती उणीव मला खरोखर लागली. तो चौक कुणी, कसा, किती दिवसांत बांधला हे आमच्यासारख्यांना कोण सांगणार?

नाटकाचा लाइट करणाऱ्यानं, आवाज देणाऱ्यानं, नेपथ्य लावणाऱ्यानं हा संच घ्यावा, चौघांत वर्गणी काढून घ्यावा. आमच्या ग्रुपला पुढच्या शनिवारी माझ्याकडे ‘अपुर संसार’ दाखवायचा आहे. खिडकीचे पडदे दुहेरी करून ठेवलेत. त्यात अपूची बायको अपर्णा खिडकीच्या फाटक्या पडद्याच्या भोकातून बाहेर बघते, तेवढा एक डोळा दिसतो. आणि पुढे त्याच खिडकीला नवा पडदा येतो. हे आधी कुणाला सांगायचं नाही असं ठरवलंय.