टियागो ईव्ही की टियागो सीएनजी? महाराष्ट्रातल्या सरकारी सवलतींसकट हिशेब

टाटाची टियागो बॅटरीवर मिळते, सीएनजीवरही मिळते. सरकार कुणाला किती हात देतं, हे बघायला याहून सोपी जोडी नाही.

आधी केंद्राकडून काय मिळतं ते बघू. ईव्हीवर जीएसटी 5 टक्के आहे. छोट्या सीएनजी गाडीवर 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के. त्याआधी तो 28 टक्के होता आणि वर सेस, म्हणजे दोघींमधलं अंतर आता बरंच कमी झालं आहे. ई-वाहनांसाठीच्या केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत खासगी कारला अनुदान नाही. ईव्हीच्या कर्जाच्या व्याजावरची आयकरातल्या 80ईईबी कलमाची वजावटही 31 मार्च 2023 नंतर मंजूर झालेल्या कर्जाला लागू नाही. शोरूममध्ये कुणी यातलं काही मोजून दाखवलं तर ते खोडून टाका.

खरा फरक राज्य पाडतं. ईव्हीला मोटार वाहन कर माफ आहे. सीएनजीवरचा कर जुलै 2025 पासून एक टक्क्याने वाढला, 10 लाखांच्या आतल्या गाडीला तो 8 टक्के पडतो. आठ लाखांच्या गाडीवर हे झाले 64 हजार. राज्याच्या 2025 च्या धोरणात ईव्हीसाठी खरेदी अनुदानही आहे, पण त्याला वाहनसंख्येची मर्यादा आहे. खात्यात जमा होईपर्यंत ते हिशेबात धरू नका.

टोलमाफी मात्र रोजच्या वापरात जाणवते. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर कारला एका बाजूचे 320 रुपये, अटल सेतूवर 250, आणि ईव्हीला दोन्हीकडे माफी. महिन्यातून चार वेळा पुण्याला जाऊन येणाऱ्याचे 2,560 रुपये वाचतात. घोळ होतो तो फास्टॅगमध्ये. नव्या गाडीचा टॅग बरेचदा चेसिस नंबरवर दिलेला असतो. नोंदणी क्रमांक आल्याबरोबर तो टॅगवर चढवून घ्या, नाहीतर गाडी ईव्ही म्हणून ओळखली जात नाही आणि पैसे कापले जातात. कापले गेलेच तर टॅग देणाऱ्या बँकेकडे लगेच तक्रार करा, पावती जपून ठेवा.

सीएनजीची सवलत डोळ्यांना दिसत नाही, ती पंपावरच्या दरात मुरलेली असते. राज्याने एप्रिल 2022 मध्ये सीएनजीवरचा व्हॅट 13.5 वरून 3 टक्क्यांवर आणला. हा निर्णय चांगलाच होता. इथेनॉलची गोष्ट वेगळी आहे. ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, त्याचा सरकारी पाठिंबा साखर कारखाना आणि तेल कंपनीपर्यंत पोचतो, गाडीवाल्याला लिटरमागे काही सुटत नाही. उलट ई10 साठी (10 टक्के इथेनॉल) जुळवलेल्या जुन्या इंजिनाचं मायलेज 6-7 टक्के घसरेल, असा नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्याचाच अंदाज होता. पर्यायी इंधन म्हणून ज्याचा सगळ्यात जास्त गाजावाजा, त्यात ग्राहकाचा वाटा सगळ्यात कमी. हे आम्हाला पटत नाही.

आता घरचं चार्जिंग. 24 युनिटच्या बॅटरीवर गाडी प्रत्यक्षात 180 ते 200 किलोमीटर चालते. महिन्याला 1,500 किलोमीटर धरले तर वाया जाणारी वीज मिळून 210 युनिट लागतात. घरचा वापर 150 युनिट असेल तर एकूण वापर 360 युनिटवर जातो, म्हणजे 300 च्या वरच्या महागड्या स्लॅबमध्ये. म्हणून ईव्हीसाठी वेगळं मीटर घ्या, त्याचा दर वेगळा असतो. सोसायटीत राहत असाल तर गाडी बुक करण्याआधी ना हरकत पत्र लेखी घ्या आणि मीटर रूमपासून पार्किंगपर्यंतचं अंतर मोजा. 15 अँपिअरच्या पॉइंटला किमान 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की ती तोडणारा स्विच) लावा. अर्थिंग कच्चं असेल तर चार्जरवर लाल दिवा लागतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. मग लोक गाडीला दोष देतात, आणि चूक निघते वायरमनची.

सीएनजी टियागोत दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसवल्या आहेत, त्यामुळे सामानाला जागा उरते. गॅस भरायचं झाकण उघडताच इंजिन बंद पडतं, ही सोय उत्तम आहे. पण पंपावर दाब 200 बारच्या खाली असला की टाकी पुरती भरत नाही. संध्याकाळच्या रांगेत हे नेहमीचंच. दर तीन वर्षांनी टाक्यांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) करावी लागते, आणि पाटीवरची तारीख उलटली तर पंपवाला गॅस भरायला नकार देतो.

पार्किंग स्वतःचं आणि द्रुतगती मार्गावर येणंजाणं असेल तर ईव्हीच घ्या. पार्किंग रस्त्यावर असेल तर सीएनजी घ्या, कारण करमाफी कितीही मोठी असली तरी ती फुटपाथवर प्लग आणून देत नाही.