मकिता डीसी१८आरसी चार्जर : दिवे नीट वाचा

ड्रिलसारख्या विजेच्या हत्यारांची १८ व्होल्ट, ३ अँपिअर-तासांची बॅटरी हा चार्जर २२ मिनिटांत भरतो; पंख्याची घरघर तेवढी सोसायची. बॅटरी चार्ज होत नसेल तर आधी दिवे पाहा. लाल लुकलुकतोय? बॅटरी फार तापलीय किंवा गारठलीय. तापमान जमलं की चार्जिंग आपोआप सुरू होतं. लाल-हिरवा आळीपाळीने लुकलुकला की बहुतेकजण बॅटरी थेट भंगारात काढतात. घाई नको. प्लग काढून चार्जर आणि बॅटरी, दोन्हीकडच्या टर्मिनलांमधली (वीज जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमधली) धूळ कोरड्या ब्रशने झाडा, मग दुसरी, चांगली बॅटरी लावून बघा. तीही अडली तर संशय चार्जरवर. पिवळा लुकलुकला तर पंख्याची जाळी साफ करा. मेलेली बॅटरी बाहेरून थेट करंट देऊन ‘जागी’ करायचा जुगाड मात्र नकोच, लिथियम सेल पेट घेऊ शकतात.