सम्पमधला २०० मायक्रॉन फेल्ट सॉक: ड्रेनच्या बुडबुड्यांसाठी उत्तम, बाकीच्यांसाठी नाही

मत्स्यालयाच्या मुख्य टाकीत धुक्यासारखे बारीक बुडबुडे दिसायला लागले की बहुतेक जण आधी सात इंची फेल्ट सॉक घेतात, म्हणजे सम्पमध्ये (गाळणी आणि पंप ठेवायच्या वेगळ्या टाकीत) लावायची जाड तंतुमय कापडाची गाळणी-पिशवी. बुडबुडे ड्रेनमधून (मुख्य टाकीतलं पाणी सम्पमध्ये आणणाऱ्या पाइपमधून) येत असतील तर तो पैसे वसूल करतो. फेल्टमधून झिरपताना पाण्याचा जोर मोडतो, बुडबुडे तंतूंना चिकटतात, एकमेकांत मिळून मोठे होतात आणि वर येऊन फुटतात. बारीक बुडबुड्याचा व्यास निम्मा असला की वर चढण्याचा वेग चौथाईवर येतो. म्हणूनच तो पाण्याबरोबर थेट रिटर्न पंपापर्यंत (पाणी परत मुख्य टाकीत ढकलणाऱ्या पंपापर्यंत) वाहत जातो. खाऱ्या पाण्यात बुडबुडे सहजी एकत्र येत नाहीत, त्यामुळे रीफ टाकीत (प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत) सॉकचा फरक लगेच कळतो.

बसवताना ड्रेन पाइपचं टोक सॉकच्या आत, पाण्याखाली दोन-तीन सेंटिमीटर ठेवा. वरून धार पडली तर सॉकमध्येच नवे बुडबुडे तयार होतात. फार खोल नेलं तर पाइपमधली हवा अडते आणि पाइप गचके देत वाहतो.

खरी कटकट सफाईची. चार ते सात दिवसांत फेल्ट गाळाने तुंबतो आणि आतली पातळी चढते. पाणी काठाच्या दोन बोटं खाली आलं की सॉक बदलाच. काठावरून सांडायला लागलं की धबधबाच सुरू होतो आणि बुडबुडे पहिल्यापेक्षा वाढतात. धुताना सॉक उलटा करून जोरदार धारेखाली धरा. डिटर्जंट अजिबात नको. दोन-तीन सॉक फिरते ठेवल्याशिवाय हे जमत नाही.

नायलॉन जाळीचा सॉक धुवायला सोपा, पण बुडबुड्यांवर फेल्टइतका चालत नाही. १०० मायक्रॉनचा फार लवकर तुंबतो.

खरेदीआधी स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं उपकरण) पंधरा मिनिटं बंद करून बघा. टाकी स्वच्छ झाली तर दोष स्किमरचा. नवा स्किमर सुरुवातीचे काही दिवस बुडबुडे सोडतोच. पंपाच्या कप्प्यात भोवरा दिसला तर पातळी वाढवा. पंप सम्पबाहेर असेल तर ओढणाऱ्या बाजूचे सांधे तपासा. तिथे पाणी गळत नाही, हवा आत शिरते, म्हणून नजरेला काहीच दिसत नाही. सांध्यावर व्हॅसलिन लावल्यावर बुडबुडे थांबले तर चोर सापडला.

बॅफलची (सम्पमधल्या पाणी अडवणाऱ्या पडद्यांमधली) फट अरुंद असेल तर सॉकनंतरही थोडे बुडबुडे निसटतात. ३० सेंमी रुंद सम्पमध्ये २.५ सेंमी फटीतून तासाला २,००० लिटर पाणी गेलं तर वेग सेकंदाला साधारण ७.४ सेंमी होतो आणि बारीक बुडबुडे खाली ओढले जातात. फट ५ सेंमी केली की वेग निम्मा. नवा सम्प बांधत असाल तर ही फट आधी मोजून घ्या, सॉक नंतर घेता येतो.